उडत्या शिकारी पक्ष्यांचे फोटो: घारीवर हात बसवा, मग भोवत्याकडे वळा

लांब पल्ल्याची लेन्स घेतली की पुण्या-मुंबईतले बरेच जण पहिल्याच रविवारी भिगवण नाहीतर सासवडची माळरानं गाठतात. संध्याकाळी कार्डात हजारभर फोटो असतात आणि त्यांतले बहुतेक एकाच प्रकारचे: पांढऱ्या आकाशात काळी आकृती, डोळा दिसत नाही, पंखांचं टोक कापलेलं. मग लेन्सला दोष दिला जातो आणि त्याहून महागडी लेन्स शोधणं सुरू होतं. तुम्ही त्या वाटेला लागण्याआधी हे वाचा.

उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो चांगला येतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे. पक्षी पुढच्या दोन सेकंदांत काय करणार हे तुम्हाला आधी कळलेलं असतं आणि सूर्य-वारा पाहून तुम्ही योग्य जागी उभे असता. कॅमेऱ्याची सेटिंग्ज त्यानंतर येतात. संगणकावरचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि ते थोडंच असायला हवं. खालचा क्रमही तसाच लावला आहे. शीर्षकातला भोवत्या म्हणजे हॅरियर, हिवाळ्यात माळरानावर येणारा शिकारी पक्षी.

काय काय लागेल

- कॅमेरा: डीएसएलआर किंवा मिररलेस, कोणताही चालेल. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर काम सोपं होतं, पण त्याशिवाय अडत नाही.
- लेन्स: किमान ३०० मिमी, सोयीची ४०० ते ६०० मिमी. वजन विचारात घ्या. कॅननची आरएफ १००-४०० जेमतेम ६३५ ग्रॅमची आहे, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोच्या आत आहे, सोनीची २००-६०० दोन किलोच्या थोडी वर जाते. उडत्या पक्ष्यासाठी लेन्स तासन् तास हातात धरायची असते. हात थरथरायला लागला की ६०० मिमीचा उपयोग उरत नाही.
- जलद मेमरी कार्ड दोन, बॅटऱ्या दोन. थंडीत पहाटे बॅटरी लवकर उतरते.
- दुर्बीण, ८×४२ पुरेशी. ही चैनीची वस्तू नाही. पक्षी कुठून येतोय हे कॅमेऱ्यातून शोधत बसलात तर तो येऊन गेलेला असतो.
- गाडीच्या खिडकीवर ठेवायला बीनबॅग. रिकामी न्यायची आणि वाटेत तांदूळ किंवा राजमा भरायचा.
- मातकट किंवा फिकट हिरवे कपडे, टोपी, पाणी, धूळ झटकायला ब्लोअर.
- कागदपत्रं: अभयारण्यात किंवा वनखात्याच्या सफारीला जाणार असाल तर ओळखपत्र आणि आरक्षणाची पावती. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असू शकतं, ते फाटकावर विचारून घ्या. ड्रोन घरीच ठेवा. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि गरुड-ससाण्यांना तो हल्लेखोर वाटतो.

१. पहिला महिना फक्त घार

आपल्याकडे नवशिक्याचं नशीब चांगलं आहे. घार प्रत्येक शहरात, प्रत्येक मासळी बाजारावर, कचरा डेपोवर आणि उंच निलगिरीवर असते. माणसांना ती सरावलेली असते, संथ उडते, वळणं घेत पुन्हा त्याच जागी येते. शेपटीची खाच पाहा. वळताना घार शेपूट तिरकी पिळते आणि त्याच दिशेला कलते. शेपूट पिळली की पुढच्या क्षणी पंखाची वरची बाजू तुमच्याकडे येणार की खालची, हे ओळखता यायला लागेल. हेच कौशल्य पुढे प्रत्येक शिकारी पक्ष्याला लागू पडतं.

घारीची दुसरी सवय म्हणजे ती उडता उडता खाते. पंजात धरलेला तुकडा पुढे घेते, मान खाली वाकवते आणि एक घास तोडते. त्या क्षणी चोच, डोळा आणि पंजा एका रेषेत येतात. गच्चीवरूनसुद्धा हा फोटो मिळतो.

कोकणात असाल तर ब्राह्मणी घारीपासून सुरुवात करा. विटकरी अंग, पांढरं डोकं, गोल शेपूट. हर्णैला मासळीचा लिलाव होतो, तिथे किंवा कोणत्याही छोट्या बंदरावर होड्या लागण्याच्या वेळी त्या पाण्यावरून मासळीचे तुकडे उचलतात. बंदरात कॅमेरा काढण्याआधी तिथल्या लोकांना विचारा. काही बंदरांवर छायाचित्रणाला मनाई असते, आणि कोळणींचा तो धंद्याचा वेळ असतो. पक्षी जवळ यावेत म्हणून स्वतः मासे किंवा कोंबडीचे तुकडे फेकू नका. चांगल्या स्पर्धा असे फोटो नाकारतात, आणि माणसाकडे बघून झेपावणारी घार पुढे लहान मुलाच्या हातातल्या खाऊवरही झेपावते.

संक्रांतीच्या आसपास आकाशात मांजा असतो. त्यात अडकलेली घार दिसली तर फोटोच्या मागे न लागता तिच्यावर कापड टाका, खोक्यात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. पाणी पाजायचा प्रयत्न करू नका.

२. सूर्य आणि वारा, दोन्ही पाठीशी

पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो, उतरतो आणि झेप घेतो. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर पक्षी तोंड तुमच्याकडे करून येणार. वारा समोरून येत असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतील. म्हणून गाडीतून उतरल्यावर आधी गवताची पाती कुठे वाकली आहेत ते पाहा आणि मग उभं राहायची जागा ठरवा.

सूर्यही पाठीशीच हवा. हिवाळ्यात आपल्या पठारावर वारा बहुधा पूर्व किंवा ईशान्येकडून असतो, त्यामुळे सकाळी पूर्वेकडे पाठ करून उभं राहिलं तर दोन्ही गोष्टी एकदम जुळतात. शिकारी पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ एवढी मोलाची असते ती यामुळे.

उजेडाचं आणखी एक गणित आहे. शिकारी पक्षी आपल्यापेक्षा वर असतो आणि आपल्याला दिसते ती त्याची सावलीतली बाजू. सूर्य खाली असताना, म्हणजे उगवल्यापासून साधारण दीड तास आणि मावळण्याआधीचा तेवढाच वेळ, उजेड पंखांच्या खालीही शिरतो. सुकलेलं पिवळं गवत, वाळू आणि पाणी हेही खालून उजेड परत फेकतात. काळ्या कातळावरून किंवा गर्द झाडीवरून उडणाऱ्या पक्ष्याचं पोट अंधारातच राहतं. त्यामुळे एकच पक्षी, एकच वेळ, तरी गवतावरून जातानाचा फोटो उजळ येतो आणि झाडीवरचा काळवंडलेला.

साडेनऊ-दहानंतर जमीन तापते आणि गरम हवेचे झोत वर चढू लागतात. गरुड, तिसा, घारी त्यांवर घिरट्या घालत उंच जातात. पाहायला तो सुंदर काळ आहे, फोटोला वाईट. पक्षी लांब, ऊन डोक्यावर आणि जमिनीलगतची हवा थरथरत असते. त्या हवेतून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, पिसं विरघळल्यासारखी दिसतात. हे संगणकावर दुरुस्त होत नाही. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने सवयी पाहा.

३. कुठे जायचं

पुणे जिल्ह्याची गवताळ माळरानं या कामासाठी फार मोलाची आहेत. दुरून ती ओसाड वाटतात, सरकारी भाषेत बरीच वर्षं ती पडीकच होती, पण कझाकस्तानच्या बाजूचे भोवत्ये याच गवतात हिवाळा काढतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या इथे दिसतात. नर करडे-पांढरे, माद्या तपकिरी आणि कमरेवर पांढरा पट्टा. उडताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. बारामती तालुक्यातलं सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी, बारामतीजवळचं शिर्सुफळ ही ओळखीची ठिकाणं. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. आरक्षण ऑनलाइन होतं आणि स्थानिक मार्गदर्शक बरोबर असतो. पहिल्या वेळी हाच रस्ता धरा. कुठल्या वाटेवर गाडी न्यायची आणि कुठे नाही हे त्या गावातल्या पोरांना नेमकं माहीत असतं.

वाट सोडून गवतात गाडी घालू नका. चंडोल, धाविक, टिटवी या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, लांडग्यांची बिळंही याच माळावर असतात. तुमच्या आधी कुणाच्या चाकांचे माग दिसले म्हणून ती वाट होत नाही.

भिगवणला उजनीच्या पाणलोटात, कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला, स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात. इथे ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) आणि दलदली भोवत्या यांच्यासाठी जायचं. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की पक्ष्याच्या अंगावर जायचं नाही, लांबच इंजिन बंद करायचं आणि वल्ह्याने सरकायचं. लाइफ जॅकेट घाला आणि बसूनच फोटो काढा. उभं राहिल्याने होडी डोलते, शिवाय बसल्यावर कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ येतो आणि फोटो कितीतरी चांगला दिसतो.

घरट्याजवळ जायचंच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, उन्हात दहा मिनिटं आई उठून गेली तर पिल्लं मरू शकतात. तीच गोष्ट भोवत्यांच्या रातथाऱ्याची. संध्याकाळी ते गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. ते उतरताना लांबून फोटो घ्या, पण अंधार पडताना त्या गवतात पाऊल टाकू नका. एकदा उठवलेला थवा अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो आणि तिथे कोल्हे-कुत्रे असतात.

४. पक्षी पुढे काय करणार ते ओळखा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसे लागत नाहीत.

खांबावर बसलेला शिकारी पक्षी झेप घेण्याआधी बहुतेक वेळा शिटतो, अंग पुढे झुकवतो, मान खालीवर करून अंतराचा अंदाज घेतो. शिटला की बोट बटणावर ठेवा. वारा कुठून येतोय हे माहीत असेल तर तो कुठल्या बाजूला उडणार हेही माहीत असतं, म्हणून त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडून थांबा.

कापशी घारीकडे नीट पाहा. शेतावर, एका जागी, पंख फडफडवत ती हवेत थांबते. पाय खाली लोंबतात, शेपूट पसरते, डोकं मात्र एका बिंदूवर खिळलेलं असतं. मग ती एकदम खाली येत नाही. थोडी उतरते, पुन्हा थांबते, पुन्हा उतरते. शेवटच्या टप्प्यात दोन्ही पंख डोक्यावर उंच उचलून, पाय पुढे करून ती गवतात उतरते. तो पंख उचललेला क्षण फोटोचा. पहिल्या थांब्याला फोकस धरा, दुसऱ्या थांब्याला झूम थोडा मागे घ्या, कारण पंख वर गेले की ती फ्रेमच्या बाहेर जाते. नवशिक्यासाठी याहून चांगला पक्षी नाही, कारण ती स्वतः थांबून तुम्हाला वेळ देते. खरुची (केस्ट्रल, छोटा ससाणा) हीही अशीच हवेत थांबते.

ऑस्प्रे पाण्यावर पंजे पुढे टाकून सूर मारतो. सूर मारतानाचा फोटो अवघड आहे, त्यानंतरचा सोपा. पाण्यातून उठायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात, वर आल्यावर तो हवेतच अंग झाडतो, पाण्याचे थेंब उडतात, आणि मग तो मासा पंजात फिरवून डोकं पुढच्या दिशेला करून घेतो. सूर हुकला म्हणून कॅमेरा खाली घेऊ नका.

दलदली भोवत्या आला हे वारकरी (कूट हे काळे पाणपक्षी) आधी सांगतात. पाण्यात विखुरलेला थवा अचानक दाटीवाटीने एकत्र येतो. त्या थव्याच्या दिशेला पाहा, भोवत्या पाणगवतावरून अगदी खालून येत असतो.

५. सेटिंग्ज

शटर स्पीड: घिरट्या घालणाऱ्या घारीला १/१२५०–१/१६००, भोवत्या आणि हवेत थांबलेली कापशी यांना १/२०००–१/२५००, ससाणा किंवा शिक्रा असेल तर १/३२००. कमी पडण्यापेक्षा जास्त बरा.

छिद्र (अ‍ॅपर्चर): एफ/५.६ ते एफ/८. बहुतेक झूम लेन्सेस सगळ्यात लांब टोकाला एक पायरी बंद केल्यावर थोड्या अधिक धारदार होतात.

आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता): लोक याला उगाच घाबरतात. आयएसओ १६०० वरचा दाणेदार पण स्पष्ट फोटो दुरुस्त होतो, आयएसओ २०० वरचा हललेला फोटो होत नाही.

उजेड मोजायची पद्धत इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो मागचं आकाश मोजतो. पांढरट आकाश दिसलं की फोटो काळवंडतो, पक्षी टेकडीसमोर आला की तोच फोटो उजळतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होतात. पण पक्ष्यावर पडणारं ऊन या दोन क्षणांत बदललेलं नसतं. म्हणून स्वच्छ ऊन असेल तेव्हा सगळं हाताने ठरवून ठेवा. डिसेंबरात सकाळी आठ-साडेआठच्या उन्हात १/२५००, एफ/६.३, आयएसओ ८०० इथून सुरुवात करा. एखादी घार किंवा बगळा टिपून पाहा, पांढरी पिसं जळत असतील तर आयएसओ उतरवा. मग आकाश असो की टेकडी, काही बदलायचं नाही. ऊन चढेल तसं दर वीस-पंचवीस मिनिटांनी तपासत राहा.

ढग येत-जात असतील तर हे चालत नाही. तेव्हा शटर आणि छिद्र हाताने, आयएसओ ऑटोवर, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) वापरा: पांढऱ्या ढगांसमोर +१ ते +१.७, निळ्या आकाशासमोर शून्याच्या आसपास, गडद टेकडीसमोरच्या फिकट नर भोवत्याला –०.७.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. आणि मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरण्याआधी पंखा चालू करून त्याचा एक फोटो काढून पाहा. पाती वाकडी आली तर पक्ष्याचे पंखही वाकडे येतील. अशा कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटरच लावा.

६. फोकस आणि हाताची सवय

फोकस सतत चालणाऱ्या प्रकारावर हवा. निकॉन आणि सोनीत एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्वो. पक्षी ओळखणारी सोय असेल तर ती चालू करा आणि फोकसचं क्षेत्र मोठं ठेवा. जुन्या कॅमेऱ्यात मोकळ्या आकाशासमोर मधल्या बिंदूंचा गट निवडा, गवत किंवा झाडी मागे असेल तर क्षेत्र लहान करा, नाहीतर फोकस गवताला चिकटतो. फोकसची तत्परता थोडी ढिली ठेवा, म्हणजे मध्ये एखादी फांदी आली तरी तो पक्ष्याला सोडत नाही.

लेन्सवर अंतर मर्यादित करणारं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करा. दहा मीटरच्या आत गरुड येणार नाही, आणि फोकस उगाच त्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात दोन सेकंद घालवतो.

आता हाताची रीत. पक्षी लांब असतानाच त्याच अंतरावरच्या झाडावर फोकस लावून ठेवा. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्याला आणा. झूम आधी कमी, पक्षी सापडला की वाढवायचा. डावा हात लेन्सच्या खाली, पुढच्या बाजूला, कोपरं छातीला लागून. पाय पक्षी आत्ता जिथे आहे तिकडे रोवायचे नाहीत. तो जिथे आल्यावर फोटो घ्यायचा आहे तिकडे रोवायचे आणि कमरेतून मागे वळून त्याला पकडायचं. मग तो जवळ येतो तसं तुमचं अंग सुटत जातं आणि हालचाल सगळ्यात सहज असते ती नेमक्या त्या क्षणी. उलट केलंत तर शेवटच्या क्षणी अंग पिळलेलं असतं आणि फ्रेम धक्का खाते.

बटण सतत दाबून ठेवू नका. चार-पाच फ्रेमचा झटका, थांबा, पुन्हा झटका. बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरला की कॅमेरा अडतो आणि तो नेमका पक्षी कलतो तेव्हाच अडतो. पक्षी सूर्याकडे कलला, पंखाखाली ऊन आलं, डोळ्यात चमक दिसली की दाबा. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेली फ्रेम चांगली. पंख आडवे असताना पक्षी नुसती एक रेघ दिसतो.

स्थिरीकरणात पॅनिंगचा (कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवण्याचा) प्रकार असेल तर तो निवडा. लेन्सवर तो बहुधा २ क्रमांकाचा असतो.

७. निवड

घरी आल्यावर सगळे फोटो सुधारायला बसू नका. पहिल्या फेरीत फक्त डोळा पाहा, १०० टक्के मोठा करून. डोळा स्पष्ट नसेल तर फोटो काढून टाका, मुद्रा कितीही छान असो. दुसऱ्या फेरीत पंखांची ठेवण, डोक्याची दिशा आणि मागची पार्श्वभूमी. डोकं तुमच्यापासून किंचितही पलीकडे वळलेलं असेल तर फोटो थंड वाटतो. एका झटक्यातली एकच फ्रेम ठेवा.

८. संगणकावरचं काम

लाइटरूम असेल तर उत्तम, नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि या कामाला पुरेसे आहेत. क्रम असा:

आधी रॉ फाइलवरच नॉइज (फोटोतले दाणे) कमी करा. शार्प केल्यानंतर नॉइज काढायला गेलात तर पिसांचा तपशील आणि दाणे दोन्ही एकदम पुसले जातात. नव्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप नॉइज काढणारं साधन चांगलं आहे, पण ते अर्ध्यावर ठेवा. पूर्ण लावलं की घारीच्या छातीवरच्या बारीक रेघा जाऊन ती प्लास्टिकची दिसू लागते.

मग क्रॉप. पक्ष्याच्या तोंडापुढे मागच्यापेक्षा जास्त जागा सोडा. २४ मेगापिक्सेलची फ्रेम ६०००×४००० असते. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली तरी ३०००×२००० उरतात, पडद्यावर दाखवायला तेवढं पुष्कळ. त्याहून कापावं लागत असेल तर पक्षी लांब होता हे मान्य करून फोटो नोंदीसाठी ठेवा.

आता एक फोटो घेऊन बघू. पांढरट आकाशासमोर घार, पोट काळपट, डोळा जेमतेम दिसतोय. एक्स्पोजर +०.५. हायलाइट्स –३०, म्हणजे आकाश जळत नाही. शॅडोज +३५, पंखाखालचे पट्टे दिसू लागतात. इथे थांबा. शॅडोज ७०-८० पर्यंत नेले की पोटावर करडा धुरकट थर येतो आणि त्यातून जांभळे दाणे बाहेर येतात. त्यानंतर ब्लॅक्स –१०, म्हणजे पिसांच्या कडांना पुन्हा वजन येतं. पंखांच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ दिसत असेल तर क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन (ती रंगीत कडा) काढण्याच्या पर्यायावर खूण लावा. मग पक्ष्यापुरता मास्क (बदल फक्त निवडलेल्या भागावर करण्याची सोय) घेऊन टेक्श्चर +१५ ते +२०. मास्कची कडा मोठी करून पाहा. पंखाभोवती उजळ वलय दिसलं तर मास्क थोडा आत ओढा, कारण हे वलय मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही पण छापल्यावर लगेच डोळ्यात भरतं. शेवटी डोळ्यावर छोटा मास्क आणि एक्स्पोजर +०.२. डोळ्याचा रंग बदलू नका. कापशीचा डोळा लालच असतो, पण तो दिव्यासारखा पेटलेला नसतो.

आकाशावर उलटा मास्क घेऊन तिथला शार्पनेस शून्य करा. एफ/८ वर सेन्सरवरची धूळ आकाशात काळे ठिपके बनून दिसते, तीही इथेच पुसा. निळ्या रंगाचं सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो, तेव्हा लक्षात ठेवा की पक्ष्याच्या सावलीतल्या पिसांवरही आकाशाचा निळा असतो, तोही त्याबरोबर वाढतो.

दुसरं आकाश चिकटवणं, दुसऱ्या फ्रेममधला पक्षी आणणं, पंखाचं कापलेलं टोक रंगवणं हे करू नका. स्पर्धांत रॉ फाइल मागतात. त्याशिवाय, या फोटोंवरून लोक पक्षी ओळखायला शिकतात. फिकट भोवत्याच्या नराच्या पंखटोकावर काळी पाचर असते आणि माँटेग्यूच्या नराच्या पंखाच्या वरच्या बाजूला काळी रेघ. नॉइज काढताना ती रेघ पुसली गेली तर ओळखच बदलते.

शार्पनिंगचा शेवटचा हात फोटो लहान केल्यानंतर द्या. पडद्यासाठी एसआरजीबी रंग, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग दर्जा ८५ च्या आसपास.

९. फोटो इतरांना दाखवण्याआधी

फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात का ते पाहा. मोबाइलशी जोडलेल्या कॅमेऱ्यात ते आपोआप येतात. माळरानावरच्या रातथाऱ्याचा किंवा घरट्याचा फोटो असेल तर ही माहिती काढून टाका आणि ठिकाण म्हणून फक्त तालुका लिहा. नेमकी जागा कळली की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात.

ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि त्या दिवसाची पूर्ण यादी टाका, फोटोसकट. न जमलेले, ठिपक्याएवढे फोटोही तिथे ओळखीसाठी उपयोगी पडतात. नर-मादी आणि वय जमेल तिथे लिहा. नाही कळलं तर नुसतं भोवत्या लिहिलं तरी चालतं.

मूळ रॉ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, फोल्डरचं नाव तारीख आणि ठिकाण, आणि दुसऱ्या डिस्कवरची फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका.